इंदूताईंच्या केंद्रातलं जेवण

"तुमची पोरगी तुम्ही परत घेऊन जा, मॅडम," इंदूताई म्हणाल्या आणि माझ्या ताटात भरताचा आणखी एक डाव वाढला.

"पुरे, ताई."

"भरीत पुरे म्हणताय की पोरगी?"

टेबलाच्या टोकाला नाना कांदा फोडत बसले होते, ते हसले. मीही हसले. इंदूताईंचं पत्र माझ्या ताटाशेजारीच पडलं होतं. पाच ओळींचं, शिक्का मारलेलं. 'आपल्या फेलो ॲड. प्रांजली गेडाम यांची सेवा आमच्या केंद्रास यापुढे नको आहे.'

चौदा वर्षं झाली त्याला. पुण्याच्या एका ट्रस्टमध्ये मी कार्यक्रम अधिकारी होते. आम्ही दरवर्षी बारा नव्या वकिलांना फेलोशिप देत असू. दोन वर्षं त्यांनी एखाद्या तालुक्याच्या गावी, तिथल्या संस्थेत राहून, ज्यांना वकील परवडत नाही अशांची कामं करायची. त्या संस्थेला आम्ही यजमान संस्था म्हणायचो. इंदूताईंचं महिला मदत केंद्र त्यातलंच एक. मासिक अहवाल, तिमाही भेट, नोंदवह्या, या सगळ्याचे नमुने मी तयार केले होते. त्याआधी सहा वर्षं मी एका वेधशाळेत भूकंपाचे आलेख वाचायचं काम केलं होतं, त्यामुळे इंदूताई मला 'भूकंपवाल्या मॅडम' म्हणत. मला ते आवडायचं.

नियम असा होता की यजमान संस्थेनं लेखी नकार दिला तर फेलोशिप तिथंच संपायची. वर्षाच्या मध्ये दुसरीकडे जागा नसायची. म्हणजे ते पत्र मी बॅगेत घातलं असतं, तर प्रांजली त्या आठवड्यात चंद्रपूरला घरी गेली असती. आणि सोमवारी तालुक्याच्या कोर्टात केस एक्केचाळीसची सुनावणी होती. दुसरा वकील नव्हता.

केस एक्केचाळीस म्हणजे दीपमाला. वय तेवीस. नवऱ्याच्या घरातून चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन निघालेली. नवऱ्याचं घर वजनदार. त्यांना सून नको होती, नात हवी होती. सोमवारी मुलीच्या तात्पुरत्या ताब्याचा अर्ज चालायचा होता. तोवर मुलगी आईजवळ राहिली पाहिजे, एवढंच प्रांजलीचं म्हणणं होतं. "एकदा का त्यांनी पोरगी उचलली की ते तारखा घेत बसतात, मॅडम," ती मला फोनवर म्हणाली होती. "मग आई नुसती कोर्टाच्या पायऱ्या चढत राहते."

"भांडण काय आहे, ताई?" मी विचारलं.

"भांडण नाही. पोरगी हुशार आहे, मेहनती आहे. मराठी जरा वऱ्हाडी बोलते, ते आपण ऐकून घेतो." इंदूताई हात धुऊन आल्या. त्या पूर्वी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. बोलताना समोरच्याची नाडी धरल्यासारखं मनगट धरायची त्यांना सवय होती. त्यांनी माझं धरलं. "पण मला सांगत नाही काही. बाईला कुठं ठेवलंय, चारदा विचारलं. म्हणते, सुरक्षित आहे. अगं, केंद्र माझं, बाई माझ्या दारात आलेली, आणि मलाच पत्ता नाही? उद्या काही बरंवाईट झालं तर पोलीस कोणाकडे येणार? तुमच्या पुण्याला येणार?"

"तिची काहीतरी कारणं असतील."

"असतील ना. नाना, ते रजिस्टर आणा बरं."

नानांनी रजिस्टर आणलं. नाना म्हणजे केंद्राचे कारकून, ड्रायव्हर आणि पाणी भरणारेही. पन्नाशीचे, पांढरी टोपी, पावलांचा आवाज न करणारे. इंदूताईंनी पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. एक्केचाळीसाव्या ओळीत, 'सध्याचा पत्ता' या रकान्यात, एक आडवी रेघ होती.

"रेघ!" इंदूताई म्हणाल्या. "मी पत्त्याशिवाय रजिस्टर लिहिलं असतं तर तुम्ही मला पानभर पत्र पाठवलं असतं. तुमच्या पोरीला रेघ चालते होय?"

ते मला लागलं. तो रकाना माझा होता.

"रेघ असली तरी माहिती आहे," मी म्हणाले. "अहवालाचा ख भाग ती थेट माझ्याकडे पाठवते, बंद पाकिटात. त्यात सगळी नोंद असते."

"काय नोंद असते? 'सुरक्षित आहे'?"

"नाही, ताई. व्यवस्थित असते. त्या बाईला काम मिळालंय. मुलींच्या वसतिगृहात, स्वयंपाकघरात."

"असं?"

"प्रांजली दर गुरुवारी जाऊन तिला भेटते. बसनं पाऊण तास. एक गुरुवार चुकलेला नाही. लागूनच अंगणवाडी आहे, मुलीला तिथं घातलंय. ती तिथं रुळली, रडत नाही, हेसुद्धा तिनं लिहिलंय."

हे सांगताना मला काय वाटत होतं ते मला नीट आठवतं. मला अभिमान वाटत होता. माझा नमुना बरोबर होता, त्यातून बरोबर माहिती येत होती, आणि ती मला पाठ होती.

इंदूताईंनी रजिस्टर मिटलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "एवढं करते होय पोरगी," त्या म्हणाल्या. "कामाला लावलं बाईला, पोरीला शाळेत घातलं. मग मला सांगायला काय झालं होतं हिला? मी काय ओरडणार होते?"

"लहान आहे. पहिलीच अशी केस."

"हं." त्यांनी पत्र उचललं, चार तुकडे केले आणि खरकट्या ताटात टाकले. "राहू दे. पण तिला सांगा, इंदूताई माणूस खाते असं नाही."

"ताक घ्या, मॅडम," नाना म्हणाले आणि पेला माझ्या उजव्या हाताशी ठेवला.

मी घेतलं. चांगलं होतं, जिरं घातलेलं.

*

तीन वाजता मी कोर्टात गेले. प्रांजली पत्र्याच्या शेडखाली चहाच्या टपरीवर उभी होती. काळा कोट हातावर, केस घामानं कपाळाला चिकटलेले, तोंडात पेन. मला बघून तिनं पेन काढलं.

"काढलं का मला?"

"नाही. ताईंनी पत्र फाडलं."

"खरंच?" तिनं चहावाल्याला दोन बोटं दाखवली. "कसं काय जमवलं, मॅडम? मी तर सकाळीच बॅग भरून ठेवली. आईलाबी फोन केला, येऊन राहिली म्हणून. आई म्हणे, बरं झालं, वकिली करून कोणाचं भलं झालं?"

"मी त्यांना सांगितलं, तुझं काम नीट आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

ती हसली, आणि मग हसू अर्ध्यात थांबलं. "दीपमालाचं काही बोलणं नाही ना झालं? म्हणजे, ताईंचं मला काही नाही. ताई चांगल्याच आहेत. पण केंद्रात भिंतीला कान आहेत. नाना तिच्या सासऱ्याच्या भाऊकीतले. मी ख मध्ये लिहिलं होतं."

लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर, वरून तिसरी ओळ. मी ते पेन्सिलनं खूण करत वाचलं होतं.

"पत्ता?" मी म्हणाले. "छे. पत्ता मला तरी कुठं माहीत आहे?"

हे खरं होतं. तिनं गावाचं नाव मलाही कळवलं नव्हतं.

"हो, तेही आहे म्हणा," ती म्हणाली. "उद्या जाऊन येते. गुड्डीला फ्रॉक घेतला. सोमवारी कोर्टात नवीन फ्रॉकमध्ये आईच्या मांडीवर बसवायची. जजसाहेबांना दिसलं पाहिजे ना, पोरगी कुठं बसते ते." चहा आला. एक कप तिनं माझ्या हातात दिला. "मॅडम, तुमचे उपकार झाले हां. खरंच."

मी पाचच्या बसनं जळगावला आणि तिथून पुण्याला आले. भेटीच्या अहवालात लिहिलं : 'यजमान संस्था व फेलो यांच्यातील गैरसमज चर्चेने दूर झाला.'

*

शुक्रवारी दुपारी बारा वाजता ऑफिसमध्ये फोन आला.

"मॅडम, गुड्डीला नेलं."

आधी मला आवाज ओळखू आला नाही.

"अंगणवाडीतून नेलं. जीप घेऊन आले होते, काका अन् आणखी दोघं. सेविकेला म्हणे, आम्ही घरचे आहोत. गुड्डी काकाला ओळखते ना, मॅडम, ती आपली गेली त्याच्याकडे. दीपमाला भाकऱ्या करत होती. तिला कळलं तवर जीप निघून गेली." ती श्वास घ्यायला थांबली. "मी आत्ता तिथंच आहे. ती काही बोलून नाही राहिली. नुसती बसली आहे. हाताला पीठ आहे, ते धुवायलाबी तयार नाही."

"पोलीस?"

"पोलीस म्हणतात, बापाच्या घरी गेली, यात गुन्हा काय?" मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "कोणालाच माहीत नव्हतं, मॅडम. मी अन् ती, दोघीच. काल माझ्या मागं कोणीतरी आलं असंल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम?"

"ऐकतेय."

"मी मागं वळून पाहिलंच नाही."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ टेबलाशी बसून होते. भूकंप कुठं झाला हे एका वेधशाळेच्या आलेखावरून कळत नाही. त्यावरून फक्त अंतर कळतं. त्या अंतराचं वर्तुळ नकाशावर काढायचं. भूकंप त्या वर्तुळावर कुठंतरी आहे. दुसऱ्या वेधशाळेचं वर्तुळ काढलं की दोन जागा उरतात. तिसरं काढलं की एक. हे मी सहा वर्षं रोज केलं होतं.

बसनं पाऊण तास. मुलींचं वसतिगृह. लागून अंगणवाडी.

मी पत्ता सांगितला नव्हता. नाना समोर होते आणि त्यांच्याबद्दल लिहिलेली ओळ मी वाचलेली होती. ती मला त्या वेळी आठवली नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं असं की नाना मला दिसलेच नव्हते. ते ताक देत होते.

*

सोमवारी सुनावणी झाली. मुलगी वडिलांच्या घरी, आजीच्या देखरेखीखाली आहे, असं त्यांच्या वकिलानं सांगितलं. पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

मंगळवारी इंदूताईंचा फोन आला.

"नाना शनिवारपासून आले नाहीत," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन आले मी. ते दारात उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. मी काय ते समजले. आता केंद्रात पाऊल टाकू नका म्हणून सांगून आले."

"हं."

"मॅडम, त्या दिवशी आपण जेवत होतो. तुम्ही वसतिगृहाचं बोललात."

मी खिडकीकडे बघत होते. समोरच्या इमारतीत कोणीतरी गच्चीवर गाद्या वाळत घालत होतं.

"मी तुम्हाला खोदून खोदून विचारलं," इंदूताई म्हणाल्या. "विचारायला नको होतं. माझा अहंकार आडवा आला, दुसरं काय. चूक आपल्या दोघींची आहे."

"असं नक्की सांगता येणार नाही, ताई," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखा होता. "नाना आले नाहीत, एवढ्यावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. माहिती दुसऱ्या वाटेनंही गेली असेल. प्रांजलीचा पाठलाग झाल्याची शक्यता आहे."



"ती पोरगी इथं जेवत नाही," इंदूताई म्हणाल्या. "माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं, हेच चाललंय तिचं. तिला कोणीतरी सांगायला पाहिजे. मी सांगितलं तर तिला वाटेल, ताई स्वतःचं तुमच्यावर ढकलतात. आधीच आमचं वाजलेलं. तुम्ही सांगा. तुमची पोरगी आहे."

"बघते."

"बघू नका, मॅडम. सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

*

प्रांजलीनं पुढच्या महिन्यात राजीनामा दिला. फेलोशिप सोडणाऱ्याची शेवटची मुलाखत पुण्यात होत असे आणि ती मीच घ्यायची. त्यासाठीही माझा एक नमुना होता, अकरा प्रश्नांचा.

ती सकाळी दहाला आली. फिकट निळा पंजाबी ड्रेस, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. खुर्चीच्या कडेवर बसली. चहा विचारला तर नको म्हणाली. मी दार लावून घेतलं. मी ठरवलं होतं की आधी सांगायचं, मग फॉर्म काढायचा. पण ती बसल्याबरोबर मी फॉर्म काढला.

"घरी जाऊन काय करणार?"

"मावशीच्या ओळखीनं शाळेत लागून राहिली. ऑफिसमध्ये."

"आणि सनद?"

"सनद काय, राहील कपाटात."

"प्रांजली, एका केसवरून..."

"एक केस नाही, मॅडम." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी दीपमालाला सांगितलं होतं, तू फक्त माझ्यावर भरवसा ठेव. असं माझ्या तोंडानं सांगितलं होतं."

पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं तिनं एकेका वाक्यात दिली. सातवा प्रश्न असा होता : 'आपल्या कामातली कोणती गोष्ट आपण आता वेगळ्या प्रकारे कराल?'

ती खूप वेळ विचार करत राहिली. मी पेन हातात धरून होते. तेवढ्यात सांगता आलं असतं. दोन वाक्यं पुरली असती. त्या दोन वाक्यांनी तिला तिची वकिली परत मिळाली असती. माझं काय गेलं असतं याचाही हिशोब मी त्या वेळात करून टाकला. संचालकांना कळवावं लागलं असतं. ख भागावर कोणी विश्वास ठेवला नसता. बाराही फेलोंना, आणि त्यांच्या संस्थांना, कळलं असतं.

"त्या गुरुवारी ऊन फार होतं," प्रांजली म्हणाली. "फ्रॉकची पिशवी होती, तिच्यासाठी साड्या घेतल्या होत्या जुन्या, त्या होत्या. एरवी मी स्टँडवर उतरून चालत जायची, आडवाटेनं. त्या दिवशी रिक्षा केली. दारापर्यंत. तिथंच कोणीतरी पाहिलं. मी लई विचार केला, मॅडम. दुसरं काहीच नाही निघत." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे ना?"

"शक्य आहे," मी म्हणाले.

"लिहा तसं. चालत जाईन. रिक्षा दारापर्यंत नेणार नाही."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. ओळ पूर्ण केली, पूर्णविराम दिला, आणि आठवा प्रश्न विचारला.

जाताना ती वाकून माझ्या पाया पडली. आमच्याकडे फेलो असं करत नसत. मी मागे सरायला हवं होतं, पण माझ्या मागे कपाट होतं.

*

गुड्डीचा ताबा आईला मिळायला अकरा महिने लागले. ते काम जळगावच्या एका वकीलबाईंनी इंदूताईंच्या सांगण्यावरून केलं. मुलगी परत आली तेव्हा पहिले काही आठवडे ती आईजवळ झोपायला तयार नव्हती, असं इंदूताईंनी मला एका ओळीत कळवलं. पत्राच्या सुरुवातीला 'आदरणीय कार्यक्रम अधिकारी' असं लिहिलं होतं. मला त्यांनी पुन्हा कधी भूकंपवाल्या मॅडम म्हटलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी फेलो मागितला नाही.

प्रांजली कोर्टात पुन्हा उभी राहिली नाही. मी चौकशी केली होती, दोनदा.

त्याच वर्षी संचालकांनी फेलोंसाठी सुरक्षिततेची एक पुस्तिका करायला सांगितली. निरोपाच्या मुलाखतींमधून फेलोंचे प्रत्यक्ष अनुभव काढा, म्हणाले, म्हणजे नियम हवेत राहणार नाहीत. मी काढले. चौदावा नियम असा आहे : 'अशिलाच्या गुप्त निवासस्थानी जाताना वाहन दारापर्यंत नेऊ नये. शेवटचे अंतर पायी जावे.' नियम म्हणून तो चुकीचा नाही. दरवर्षी जूनमध्ये नव्या तुकडीला ती पुस्तिका मीच वाचून दाखवते.

बहुतेक मुलं त्याखाली रेघ मारतात आणि पुढं जातात. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. नागपूरच्या कॉलेजची, चष्मा लावलेली, प्रत्येक नियमाला काहीतरी विचारणारी.

"मॅडम, हा नियम कशावरून आला?"

"एका फेलोकडून चूक झाली होती. अशिलाच्या मुलीला पळवून नेलं."

"पण ते रिक्षामुळेच कळलं, हे कसं ठरवलं? म्हणजे, पाठलाग झाला याला काही पुरावा होता का?"

वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते. चांगला प्रश्न होता. मी तिच्या वयाची असते तर हाच विचारला असता.

"तिनंच सांगितलं," मी म्हणाले आणि पान उलटलं.